दिसायला सोपा, मोजायला अवघड

इसवी सनापूर्वी ७५ साली सिसेरो हा रोमन मुत्सद्दी सिसिली बेटावर खजिन्याचा अधिकारी म्हणून गेला. सिरॅक्यूज शहरात पोचल्यावर आर्किमिडीजची कबर कुठे आहे, याची त्याने चौकशी सुरू केली. आर्किमिडीज मारला गेला त्याला तेव्हा १३७ वर्षं झाली होती. गावकऱ्यांनी हात वर केले. अशी कबर इथे नाहीच, असं त्यांनी ठासून सांगितलं. सिसेरोला मात्र तिची एक खूण ठाऊक होती. कबरीवर एक गोल आणि एक वृत्तचिती आहे, असं त्याने ऐकलेलं होतं. वेशीजवळच्या स्मशानात झाडोऱ्यातून जेमतेम वर आलेला एक लहानसा खांब त्याला दिसला, आणि त्यावर नेमकी तीच खूण होती. माणसं लावून काटेरी झुडपं तोडून घेतली तेव्हा कुठे वाट मोकळी झाली. हा प्रसंग सिसेरोने स्वतःच लिहून ठेवला आहे. पुढे ती कबर पुन्हा हरवली ती हरवलीच.

युद्धयंत्रं, तरफा, तरंगण्याचे नियम हे सगळं ज्याच्या नावावर, त्याच्या कबरीवर गोल आणि वृत्तचिती कशासाठी? कारण त्याला सगळ्यात जास्त अभिमान होता तो याच शोधाचा. एखादा गोल ज्यात वर, खाली आणि बाजूंनी नेमका टेकेल असा डबा घ्या. गोलाचं घनफळ त्या डब्याच्या घनफळाच्या बरोबर दोन तृतीयांश भरतं. झाकण आणि तळ धरून डब्याचं जे पृष्ठफळ होईल, त्याच्याही बरोबर दोन तृतीयांश गोलाचं पृष्ठफळ असतं. ‘सुमारे’ हा शब्द इथे कुठेच नाही.

याचं एवढं कौतुक का, हे गोल मोजायला बसल्याशिवाय कळत नाही. गोलाला कोपरा नाही, कड नाही, वर-खाली नाही. त्रिज्या सांगितली की त्याच्याविषयी सांगायचं काही उरत नाही. पेटीचे पृष्ठभाग पट्टीने मोजता येतात, वृत्तचितीवरचा कागद उलगडून सपाट पसरता येतो. गोलावर मात्र कागद चिकटवायला गेलं की सुरकुत्या पडतात, आणि गोलाची साल सपाट करायला गेलं की ती फाटते. आर्किमिडीजने हे उत्तर आधी काल्पनिक तराजूवर गोलाच्या पातळ चकत्या तोलून शोधलं आणि मग त्याची काटेकोर सिद्धता दिली. तराजूची ती युक्ती ज्या हस्तलिखितात होती, त्यातली अक्षरं खरवडून मध्ययुगात कुणीतरी त्यावर प्रार्थना लिहिल्या. १९०६ साली हायबर्ग या डॅनिश अभ्यासकाने कॉन्स्टॅन्टिनोपलला त्या प्रार्थनांखालचा पुसट मजकूर वाचला, तेव्हा जगाला ती युक्ती कळली.

आपल्याकडे या प्रश्नाने फार थोर माणसांना चकवलं. इ.स. ४९९ मधल्या ‘आर्यभटीया’त ज्यांचं अचूकपण आजही थक्क करतं अशी कितीतरी सूत्रं आहेत. पृथ्वी गोल आहे आणि कदंबाच्या फुलाला चहूबाजूंनी केसर असावेत तसे तिच्यावर सगळीकडून जीव आहेत, हे आर्यभट सांगतो. पण गोलाचं घनफळ देताना तो म्हणतो की वर्तुळाच्या क्षेत्रफळाला त्याच्याच वर्गमुळाने गुणा. घनाच्या बाबतीत हे चालतं, कारण चौरसाच्या क्षेत्रफळाचं वर्गमूळ म्हणजे त्याची बाजू. गोलाला तोच नियम लावला की उत्तर जवळजवळ एक तृतीयांशाने जास्त येतं. पुढे आठव्या शतकातल्या लल्लाने गोलाच्या पृष्ठफळासाठी वर्तुळाचं क्षेत्रफळ गुणिले परिघ असा नियम दिला. तो तर मुळातच फसलेला आहे, कारण क्षेत्रफळाला लांबीने गुणलं की घनफळ येतं, पृष्ठफळ येत नाही.

लल्लाची ही चूक भास्कराचार्यांनी पकडली, आणि ती कशी पकडली हे बघण्यासारखं आहे. इ.स. ११५० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ लिहिला. त्यातला ‘गोलाध्याय’ हा भाग पूर्णपणे गोलाला वाहिलेला आहे. तिथे ते सूत्राला सूत्राने उत्तर देत बसत नाहीत. ते म्हणतात, एक गोल कापड घ्या, ज्याचा व्यास चेंडूच्या निम्म्या परिघाइतका आहे. हे कापड चेंडूच्या माथ्यावर ठेवून खाली दाबलं तर अर्धा चेंडू झाकून वर चुण्यांमध्ये थोडं कापड उरतं. त्या कापडाचं क्षेत्रफळ चेंडूच्या मधल्या वर्तुळाच्या सुमारे अडीच पट असतं. म्हणजे अर्ध्या चेंडूचं पृष्ठफळ अडीच पटींपेक्षा कमी आणि अख्ख्या चेंडूचं पाच पटींपेक्षा कमी असलंच पाहिजे. मोठ्या गोलासाठी लल्लाचं उत्तर याच्या कितीतरी पट पुढे जातं. एका कापडाच्या तुकड्याने विषय संपला.

पण चूक दाखवली म्हणजे बरोबर उत्तर सापडलं असं नाही. त्यासाठी भास्कराचार्यांनी आवळा घेतला. आवळ्याच्या सालीवर देठापासून खालच्या टोकापर्यंत फिकट रेघा असतात आणि त्यांच्यामुळे साल उभ्या पाकळ्यांत विभागलेली दिसते. मातीचा किंवा लाकडाचा गोल घेऊन त्यावर अशाच पाकळ्या आखा, असं ते सांगतात. गोलाचा परिघ ९६ माना आणि ९६ पाकळ्या करा. प्रत्येक पाकळी कमरेशी एक एकक रुंद होते आणि दोन्ही टोकांना निमुळती होत शून्यावर जाते. टोकापासून कमरेपर्यंतची लांबी २४. या चोवीस पायऱ्यांवर पाकळीची रुंदी किती, हे ज्येच्या, म्हणजे साइनच्या, कोष्टकातून मिळतं, आणि भारतीय ज्योतिषाच्या कोष्टकात एका चतुर्थांश वर्तुळाच्या नेमक्या चोवीसच ज्या असतात. ९६ हा आकडा कुठून आला, ते आता लक्षात येईल. सगळ्या पट्ट्यांची बेरीज केली की एका पाकळीचं क्षेत्रफळ साडेतीसच्या किंचित वर येतं. ९६ परिघाच्या गोलाचा व्यासही तेवढाच असतो.

म्हणजे एका पाकळीचं क्षेत्रफळ व्यासाएवढं, आणि पाकळ्या परिघाएवढ्या. परिघ गुणिले व्यास केलं की गोलाचं पृष्ठफळ हाती येतं. आपण शाळेत चार गुणिले पाय गुणिले त्रिज्येचा वर्ग असं जे पाठ करतो, ते हेच. बारीक तुकडे करून त्यांची बेरीज घेण्याच्या या रीतीला पुढे कलनशास्त्रात मोठं स्थान मिळालं. भास्कराचार्यांनी कलनशास्त्र शोधलं असं म्हणण्याची आपल्याकडे हौस आहे. तेवढं म्हणायची गरज नाही. आवळा हातात घेऊन जे त्यांनी केलं ते जसं आहे तसंच पुरेसं मोठं आहे.

‘सह्याद्रीच्या आश्रयाला असलेलं विज्जलविड’ हे आपलं गाव असल्याची नोंद भास्कराचार्यांनीच केली आहे. त्यांचा नातू चांगदेव यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्याने मठ काढला. त्याला मिळालेल्या दानाचा १२०७ सालचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण्याला आहे आणि त्याचा काही भाग जुन्या मराठीत आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांसमोर आणला.

गंमत अशी की एवढं होऊनही पृथ्वीच्या आकाराचा वाद आपल्याकडे मिटलेला नव्हता. पुराणांतली सपाट, मेरू पर्वताभोवती पसरलेली पृथ्वी एकीकडे आणि सिद्धांतग्रंथांतली गोल पृथ्वी दुसरीकडे, दोन्ही शेजारी शेजारी नांदत होत्या. पंचांग गोल पृथ्वीच्या हिशेबाने मांडायचं आणि कथा सपाट पृथ्वीच्या सांगायच्या. पृथ्वीला कुणीतरी उचलून धरलं आहे या समजुतीवर भास्कराचार्यांचं उत्तर साधं होतं: त्या धरणाऱ्याला कुणी धरलं आहे, आणि त्याला पुन्हा कुणी? शेवटी कुठेतरी ‘हा आपल्याच शक्तीने उभा आहे’ असं म्हणावं लागणारच असेल, तर ते पृथ्वीबद्दलच का म्हणू नये? पृथ्वी सपाट का दिसते, याचंही उत्तर त्यांनी दिलं. कोणत्याही मोठ्या वर्तुळाच्या परिघाचा शंभरावा भाग सरळच वाटतो. पृथ्वी अवाढव्य आणि माणूस एवढासा, मग त्याला ती सपाट दिसणारच.

१८३० च्या दशकात भोपाळजवळच्या सिहोरला लॅन्सलॉट विल्किन्सन हा इंग्रज अधिकारी होता. कोपर्निकस थेट पंडितांच्या गळी उतरणार नाही हे ओळखून त्याने त्यांच्यासमोर भास्कराचार्य ठेवले. त्याच्याकडचे सुबाजी बापू यांनी पुराणं, सिद्धांत आणि कोपर्निकस या तिन्ही मतांची तुलना करणारा ग्रंथ मराठीत लिहिला. विल्किन्सनने सुरू केलेलं ‘गोलाध्याया’चं इंग्रजी भाषांतर पुढे मूळचे महाराष्ट्रातले आणि बनारसला नावारूपाला आलेले बापूदेव शास्त्री यांनी तपासून १८६१ मध्ये छापलं.

युरोपातही पृथ्वी सपाट असल्याचीच समजूत होती आणि कोलंबसाने ती मोडून काढली, ही मात्र निव्वळ दंतकथा. ती पसरली ती वॉशिंग्टन आयर्विंगने १८२८ साली लिहिलेल्या रंजक चरित्रामुळे. चंद्रग्रहणात चंद्रावर पडणारी पृथ्वीची सावली नेहमीच कमानदार असते, हा पुरावा ॲरिस्टॉटलने कधीच नोंदवलेला होता. कोलंबसाच्या काळातल्या विद्वानांचा आक्षेप पृथ्वीच्या मापावर होता. त्याने ती असायला हवी त्यापेक्षा बरीच लहान धरली होती. विद्वान बरोबर होते आणि कोलंबस चुकला होता. मध्ये अमेरिका आडवी आली म्हणून तो वाचला.

निसर्गाला गोल इतका का आवडतो? ठरावीक घनफळ झाकायला सगळ्यात कमी पृष्ठभाग ज्याला लागतो तो आकार म्हणजे गोल. प्राचीन ग्रीकांना हे ठाऊक होतं, पण त्याची पक्की सिद्धता हेरमान श्वार्झ याने दिली ती १८८४ साली, म्हणजे दोन हजार वर्षांनी. साबणाच्या फुग्याचा पडदा आक्रसत आक्रसत त्याच आकारावर थांबतो. पावसाचे बारीक थेंब गोल असतात ते पृष्ठताणामुळे. चित्रकार काढतात तसा शेंडीवाला थेंब आभाळातून कधीच पडत नाही; मोठा थेंब हवेच्या दाबाने खालून चपटा होतो आणि फारच मोठा झाला तर फुटतो.

ग्रहांचं कारण वेगळं. तिथे पृष्ठताणाचं काही चालत नाही, सगळा कारभार गुरुत्वाकर्षणाचा. वस्तू पुरेशी जड असली की तिचा प्रत्येक उंचवटा तिच्याच वजनाने खाली खेचला जातो. मंगळाचा चंद्र फोबॉस जेमतेम २२ किलोमीटरचा आहे आणि तो ओबडधोबडच राहिला. शनीचा चंद्र मिमास बर्फाळ आहे. चारशे किलोमीटरच्या आतबाहेरचा असूनही तो गोल झाला. नेपच्यूनचा प्रोटियस त्याच्यापेक्षा किंचित मोठा असून कोनेरीच आहे. म्हणजे सीमारेषा याच सुमारास कुठेतरी आहे, पण ती बर्फाला एक, खडकाला दुसरी. आपला एव्हरेस्ट पृथ्वीच्या मानाने किती उंच? पृथ्वी एक मीटर व्यासाची केली तर तो पाऊण मिलिमीटरही भरत नाही.

पण एव्हरेस्टपेक्षा मोठा फरक पृथ्वीच्या आकारातच लपलेला आहे. १६७२ साली जाँ रिशे हा फ्रेंच खगोलज्ञ विषुववृत्ताजवळच्या केयेनला गेला. पॅरिसमध्ये बिनचूक चालणारं त्याचं लंबकाचं घड्याळ तिथे दिवसाला अडीच मिनिटं मागे पडू लागलं. न्यूटनने त्यावरून ताडलं की स्वतःभोवती फिरल्यामुळे पृथ्वी कमरेशी फुगलेली आणि ध्रुवांशी दबलेली असणार. पॅरिसच्या कासिनी घराण्याचं म्हणणं याच्या बरोबर उलट होतं. हा वाद मिटवायला फ्रान्सने एक तुकडी आजच्या इक्वेडोरमध्ये आणि दुसरी लॅपलंडमध्ये पाठवली. निकाल न्यूटनच्या बाजूने लागला. पृथ्वीचा विषुववृत्तीय व्यास ध्रुवीय व्यासापेक्षा सुमारे ४३ किलोमीटरने जास्त आहे.

याच मोजणीचा एक मोठा अध्याय विदर्भात येऊन थांबतो. १० एप्रिल १८०२ रोजी विल्यम लॅम्बटनने मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपासून सुमारे बारा किलोमीटरची पायारेषा पोलादी साखळीने मोजायला घेतली. सरकारला नकाशे हवे होते. लॅम्बटनला मात्र पृथ्वीचा नेमका आकार हवा होता. कोन मोजण्याच्या त्याच्या उपकरणाचं, थिओडोलाइटचं, वजन अर्धा टन होतं. इंग्लंडहून येताना ते जहाज फ्रेंचांनी पकडलं, आणि शास्त्राचं उपकरण आहे हे कळल्यावर सौजन्याने परत पाठवलं. १८०८ मध्ये तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या गोपुरावर ते चढवताना दोर तुटला आणि उपकरण आपटून त्याची मोजपट्टीची चकती वाकली. लॅम्बटन तंबूत कोंडून घेऊन बसला आणि कित्येक आठवडे खपून त्याने ती तबकडी हळूहळू पूर्ववत केली.

लॅम्बटनच्या हिशेबात एक अडचण पानोपानी होती. सपाट कागदावर त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंश होते. गोलावर ती त्याहून जास्त भरते. उत्तर ध्रुवावरून निघून विषुववृत्तावर उतरा, त्यावरून पृथ्वीच्या चौथाई परिघाइतकं चाला आणि परत ध्रुवावर जा. तिन्ही कोन काटकोन, बेरीज २७० अंश. लॅम्बटनचे त्रिकोण अर्थातच यापेक्षा फार लहान होते. सुमारे २०० चौरस किलोमीटरच्या त्रिकोणात हा वाढावा फक्त एक विकला, म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग असतो. पण डोंगरामागून डोंगर जोडत शेकडो किलोमीटर जायचं तर हा कणही सोडून चालत नाही. तो सोडला नाही म्हणूनच लॅम्बटनला पृथ्वीचा बाक जमिनीवरून मोजता आला.

हैदराबादहून नागपूरकडे जात असताना २० जानेवारी १८२३ रोजी लॅम्बटन वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. काम पुढे नेणाऱ्या जॉर्ज एव्हरेस्टचं नाव जगातल्या सर्वोच्च शिखराला मिळालं, आणि ज्याने हे सगळं सुरू केलं तो बहुतेक वर्धेकरांनाही ठाऊक नाही. हे मला अन्यायाचं वाटतं.

निसर्गाने बनवलेला गोल असा थोडाफार दबलेलाच निघतो. मग माणसाने बनवलेला? वजनाचा मूळ किलोग्रॅम म्हणून १८८९ पासून पॅरिसजवळ प्लॅटिनम-इरिडियमचा एक दट्ट्या जपून ठेवलेला होता. तो निवृत्त करायचा तर वस्तूऐवजी निसर्गातल्या स्थिरांकावर किलोग्रॅम टेकवणं भाग होतं. त्यासाठी शास्त्रज्ञांनी वापरलेल्या दोन वाटांपैकी एक होती शुद्ध सिलिकॉनचा एक किलोचा गोल घासून त्यातले अणू मोजण्याची. गोलच का? त्याला तुटणारी कड नसते आणि नुसत्या व्यासावरून घनफळ कळतं. हा गोल जेमतेम ९४ मिलिमीटरचा आहे. तो पृथ्वीएवढा केला तर त्याच्यावरचा सर्वांत मोठा उंचवटा काही मीटरचाच निघेल. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची नवी व्याख्या लागू झाली.

आता नकाशाकडे वळू, कारण गोलाशी आपला रोजचा संबंध येतो तो तिथेच, आणि आपण फसतोही तिथेच. गोलाचा कुठलाही तुकडा अंतरं न बिघडवता सपाट करता येत नाही, हे गाऊसने १८२७ साली सिद्ध केलं. यात नकाशा काढणाऱ्याच्या हातात कौशल्य किती, हा प्रश्नच येत नाही. मर्केटरने १५६९ मध्ये केलेल्या नकाशात दिशा बरोबर ठेवल्या, म्हणून तो खलाशांना फार आवडला. त्याची किंमत क्षेत्रफळाने मोजली. त्यात ग्रीनलंड आफ्रिकेच्या बरोबरीचं दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदा पट आहे. नकाशात भारतापेक्षा कितीतरी मोठं भासणारं हेच ग्रीनलंड भारताच्या दोन तृतीयांश आहे.

अंतरांचंही तेच. मुंबईहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारी सर्वांत जवळची वाट भिंतीवरच्या नकाशात पूर्वेकडे चीन-जपान ओलांडून पॅसिफिकवरून गेलेली दिसेल. खरी जवळची वाट उत्तरेला चढत चढत आर्क्टिक वर्तुळाच्या बऱ्याच आत जाते आणि पलीकडून खाली उतरते. जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाच्या महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बेंगळुरूला विमान आणलं ते याच तर्काने, उत्तर ध्रुवावरून.

हे भिंतीवरच्या नकाशावर कितीही समजावलं तरी मुलांच्या डोक्यात उतरत नाही. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून धरला की अर्ध्या मिनिटात उतरतं. अनेक शाळांत हा गोल असतो, पण प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटात कुलूपबंद. मुख्याध्यापकांनी तो बाहेर काढावा, आणि ज्यांच्या घरात शाळकरी मूल आहे त्यांनी वाढदिवसाला एक विकत आणावा. सोबत हातभर दोरा द्यायला विसरू नका.